चारीतली चूल

या कालव्यावर पाणी वाटण्याच्या नोकरीत माझं आयुष्य गेलं. आमचा नियम साधा होता. पाणी सुटलं की आधी शेवटच्या शेताला द्यायचं, मग वरच्यांना. पाणी सोडायच्या दर पाळीला 'शेवटापर्यंत पाणी पोहोचलं' असा कागद यायचा आणि मी कचेरीत बसून त्यावर सही करायचो.

निवृत्त झाल्यावर परवा सहज त्या शेवटापर्यंत चालत गेलो आणि चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतात पाणी नेणाऱ्या पाटाच्या, काठावर थांबलो. जिथून पाणी वाहायला हवं होतं, त्या तळाशी मातीची चूल होती, छान सारवलेली. एक म्हातारी बाई भाकरी थापत होती.

"मावशी, पाणी सुटलं तर चूल वाहून जाईल," मी म्हणालो.

"कशाचं पाणी?" तिने मान वर केली. "मी नवी नवरी आले तवा सासूची चूलबी हितंच हुती. आडोसा हाय, वारं लागत न्हाई."

उतार, वेग, गळती, सगळं मला तोंडपाठ होतं. शेवट कसा दिसतो, तेवढं बघायचं राहिलं होतं.

तिने कळशीतून तांब्या भरून पुढे केला. "घ्या, उन्हाचं लांबून आलाय."

तो तांब्या तोंडाला लावायची माझी छाती झाली नाही.