वास सांगणारी फुलवाली

उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, डोक्यावरचं टोपलं कमरेवर घ्यायचं, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास ओढायचा. मग डोळे उघडून म्हणायचं, "हाये अजून, काकाजी."

दोन आठवडे रोज सकाळी ती हे करत होती, तेही माझ्याच सांगण्यावरून.

ती भातकुलीकडून पहिल्या ऑटोनं अमरावतीत यायची. घरच्या वावरातला झेंडू, गुलाब, शेवंती टोपल्यात. आमच्या गल्लीत सात-आठ घरी तिची पूजेची फुलं जात. गुलाबाची कळी दोन बोटांत दाबून बघायची आणि मगच पुड्यात टाकायची. कुणी घाई केली की म्हणायची, "देवाले काय गाडी पकडाची हाये?"

त्या पावसाळ्यात मी बेडरूममध्ये भिंतभर आलमारी करून घेतली. सनमायका चिकटवायला सुतार जे सोल्युशन वापरतात, त्याचा वास तुम्हीही कधी घेतला असेल. डोळ्यांत पाणी येतं. आमच्या हिला जुना दमा, म्हणून काम सुरू होण्याआधीच मुलगी तिला अकोल्याला घेऊन गेली होती. सुतार जाऊन तीन आठवडे झाले, तरी वास हटेना. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून कांदे कापून बादलीत ठेवले, खणाखणात कोळसा ठेवला, सकाळ-संध्याकाळ कापूर जाळला. फुलवाली म्हणाली, "वासावर वास कावून चढवून राह्यले? खिडकी उघडी ठेवता न?"

"ठेवतो की," मी म्हणालो.

ठेवत नव्हतो. पावसाची झड आत येऊन नवी आलमारी फुगेल, ही भीती.

एकदा हिला भेटून अकोल्याहून परतलो. कुलूप उघडताच वास नाकात शिरला, आणि चहा होईपर्यंत नाहीसा झाला. वास गेला की माझं नाक गेलं, काही कळेना. तेव्हा सुचलं की रोज बाहेरून येणारं नाक हवं. तेव्हापासून मी तिला दारात उभं करून विचारू लागलो. संध्याकाळी मुलीचा फोन येई, "फुलवाल्या बाई काय म्हणाल्या?" माझ्या म्हणण्याला तिच्या लेखी किंमत नव्हती.

रोजचं "हाये अजून" ऐकून मी कंटाळलो. मला तर काहीच येत नव्हतं. एकदा चिडून म्हणालो, "बाई, वास घरात नाही, तुमच्या नाकात बसलाय."

ती हसली. "माह्या नाकात तं काईच नाई बसत, काकाजी."

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या. पस्तीस वर्षांत हिनं त्या चुकवल्या नव्हत्या, आणि त्या स्वतःच्याच घरी बसवायच्या असतात. सकाळीच मुलीचा फोन आला. आई ऐकत नाही, आणू का? नेमकी फुलवाली दारात उभी.

मी फोनवर हात ठेवला. "आज गेला म्हणा."

"म्या म्हनलं म्हनून जाईन का तो?"

"महालक्ष्म्या राहिल्या तर ते तुमच्या डोक्यावर येईल, सांगून ठेवतो."

तिचा चेहरा उतरला. देवाधर्माच्या गोष्टीत ती फार भित्री होती, आणि मला ते ठाऊक होतं. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "गेला, ताई."

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही ते इथंच वाचून कळेल.

ही आली. माझा कापूर चालूच होता, त्याखाली दारात कुणालाच सोल्युशनचा वास कळला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास कोंडला, ओठ निळे पडले. आठ दिवस दवाखान्यात गेले. ही वाचली. महालक्ष्म्या त्या वर्षी बसल्या नाहीत.

घरी आल्यावर मुलीनं फुलवालीला दारातच गाठलं. "बाई, तुमच्या शब्दावर आईला आणली मी."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो.

"चुकलं ताई माहं," ती म्हणाली. पुडा उंबऱ्यावर ठेवून गेली, ती पुन्हा आमच्या दारी आली नाही. बाकीच्या घरी येत राहिली, आमच्या फाटकाशी आली की झपाझप पावलं उचलायची. ही अजूनही महालक्ष्म्यांत म्हणते, "त्या बाईनं घात केला." मी मान हलवतो.

यंदा ती गल्लीतच दिसेना, म्हणून भातकुलीला गेलो. अंगणात तिची सून हार गुंफत बसली होती. म्हणाली, "सासूबाई मागच्या हिवाळ्यात वारल्या."

मी तिथंच बसलो आणि तिला सारं सांगितलं. हार गुंफता गुंफता ती मधेच थांबली. "वास? त्यायले वास येतच नव्हता, बावाजी. करोना झाला तवापासून. भाजी करपली तरी कळत नव्हतं."

देवाच्या फुलांचा वास घ्यायचा नसतो, त्यामुळे तिच्या धंद्यात ते कुणाच्या लक्षात आलं नसेल. पण मग रोज डोळे मिटून ती काय हुंगत होती? आमच्या बेडरूमची खिडकी गल्लीवर आहे. येताना ती खिडकी तिला रोज बंद दिसत असेल, आणि त्यावरूनच ती "हाये" म्हणत असेल का? की घरचं माणूस आजारी, तर वास आहे म्हटलेलंच बरं, एवढंच? आता विचारणार कुणाला?

खरं सांगतो, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. हे घरी सांगितलं असतं तर दोघी म्हणाल्या असत्या, बघा, बाई पहिल्यापासून खोटं बोलत होती. मी अलगद बाहेर. पण बारा-तेरा दिवस ती जे बोलली ते खरं होतं. खोटा एकच शब्द होता, आणि तो मी तिच्या तोंडी घातला होता.

सून दोऱ्याला गाठ मारत म्हणाली, "मंग तुमी तुमच्या पोरीले सांगतलं का हे?"

"नाही."

"बायकोले?"

"नाही."

तिनं हार टोपल्यात ठेवला. "मंग मले कावून सांगून राह्यले, बावाजी?"

तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि ऑटोच्या दिशेनं चालू लागली.