पुस्तकात शिरायला निघालेली लेक

माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती. पुस्तकाच्या आत शिरणाऱ्या मुलांची एक कादंबरी ती सुट्टीत वाचत होती. एका दुपारी मी द्वारका चौकातल्या बाजारातून भाजी घेऊन घरी आले, तर कादंबरी जमिनीवर उघडी पडलेली आणि लेक कुठेच नाही. हाका मारल्या, गच्ची पाहिली, शेजारी विचारलं. शेवटी वेड्यासारखी मी त्या पुस्तकाची पानं उलटून तिला शोधू लागले.

तेवढ्यात लोखंडी कपाटातून बारीक आवाज आला, "आई!"

मी धावत जाऊन दार उघडलं. घामाने निथळत ती म्हणाली, "अंधारात बसलं की आत जाता येतं, असं लिहिलंय. पण मग दारच उघडेना."

मी तिला कवटाळलं आणि त्याच संध्याकाळी कपाटाला कुलूप लावलं.