अस्वल उठायच्या आत

आमच्या दहा वर्षांच्या इराला सुट्टीनंतर शाळेत ध्रुवीय अस्वलावर रेफेराट द्यायचा होता, म्हणजे वर्गासमोर उभं राहून बोलायचं. "आल्झो, तर फोटो मी स्वतः काढणार," असं ती बाईंना सांगून आली होती. त्यामुळे जुलैत जर्मनीतल्या ब्योबलिंगेनहून आम्ही तिघी नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर निघालो: इरा, मी आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई.

श्टुटगार्टहून ऑस्लो, तिथून लाँगइयरब्येन. तिकिटं काढण्याआधी एक बघा: स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या हद्दीबाहेर आहे. आईवडिलांना नेणार असाल तर त्यांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच हवा, नाहीतर परतताना अडकाल.

हे गाव कोळशाच्या खाणींचं, बुटांबरोबर काळी धूळ घरात यायची, म्हणून आजही गेस्टहाउसच्या दारातच बूट काढतात. सासूबाई खूश. "शहाणी माणसं आहेत हो!" या दिवसांत सूर्य मावळत नाही, झोपायला डोळ्यांवरची पट्टी न्या.

दुसऱ्या दिवशी हिमनदीपर्यंत बोट. तिकिटाच्या पैशांत आमचा आठवड्याचा किराणा आला असता. जेवणात मासे असतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. आमच्याकडे दशम्या होत्या. जेवण्याआधी पाखरांना घास ठेवायची सासूबाईंची रोजची सवय. त्यांनी डेकच्या कठड्यावर तुकडा ठेवला आणि इराने तो झडप घालून उचलला.

"नाइन, आजी! फेर्बोटन!" नाही, सक्त मनाई.

"अगं, घास घालतेय, विष नाही."

आमची गाइड, एक उंच नॉर्वेजियन बाई, नम्रपणे म्हणाली, इथे पशुपक्ष्यांना कुणीच खायला घालत नाही. सासूबाईंनी तुकडा स्वतःच खाल्ला, चेहरा पाडून.

हिमनदीसमोर गाइडने उघडा खडक दाखवला. तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथवर बर्फ होता. त्याच किनाऱ्यावर अस्वल पहुडलेलं. दुर्बिणीतून छान दिसत होतं, इराने काढलेल्या फोटोत नुसता पिवळट दगड. बोट बरीच लांब थांबली.

"नोख नेअर, बिट्टे!" अजून जवळ, म्हणून इरा गयावया करू लागली.

अस्वलाने मान उचलून आमच्याकडे पाहिलं. गाइडने हात वर केला आणि कॅप्टनने बोट वळवली. "समुद्रावर बर्फ नाही, म्हणजे शिकार नाही," ती म्हणाली. "अंगातल्या चरबीवर दिवस काढतंय. आपल्यासाठी त्याला उठायला लावायचं नाही."

इराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"का गं?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या दशमीला फेर्बोटन, आणि तुझ्या फोटोला नाही?" मग तिला शालीत ओढून घेतलं.

शालीतूनच इरा चक्क मराठीत म्हणाली, "पण मी बाईंना सांगून ठेवलंय ना, आजी."

"मग जे झालं ते सांग."

विमानाचं एवढं इंधन जाळून वितळता बर्फ बघायला जायचं, हे मला बोचलं, अजून बोचतं. पुन्हा जाणार नाही. तुम्ही जाणार असाल तर एकदाच जा, छोट्या बोटीने, आणि मागे फिरायची तयारी ठेवून.

रेफेराटच्या दिवशी इराने तोच फोटो पडद्यावर लावला. राखाडी किनारा, एक ठिपका. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, अस्वल कुठाय? इराने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे. आम्ही परत फिरलो, म्हणून ते झोपून राहिलं."