चौथं पाणी

"आधी पानी, मग कात्री!" कोरं कापड दिसलं की मास्तर हेच म्हणायचे. कापडाचा काठ दोन बोटांत चोळायचे आणि आपल्याकडे असं बघायचे, जणू ते शिवल्यावर आटलं तर दोष आपलाच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. डोकं उठवणारा, पण कामात बोट ठेवायला जागा न देणारा.

नगरला आमचं ताडपत्रीचं दुकान, मास्तर तिथले शिलाई कारागीर. बहात्तरच्या दुष्काळात मुंबईहून भलतंच काम आलं. परदेशी चमूला आव्हान द्यायला तिकडे कुणी यॉट, म्हणजे शर्यतीची शिडाची होडी, बांधत होतं. शिडाचं परदेशी कापड मिळेना, म्हणून जाड सुती शिड आमच्याकडे शिवायला. मास्तरांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता!

"चार पानी द्यावं लागंल, शिवायच्या आधीच आटाया पायजे," मास्तर म्हणाले.

"अहो, नळ चार दिवसांनी येतोय! प्यायला पाणी नाही आणि तुम्ही कापडाला आंघोळ घालताय?"

"एक पट्टा जरी वल्ल्या वाऱ्यात आटला, तर समदं शिड वाकडं हुईल, मालक. मी माज्या घरचं पानी आनतो."

आणलंही. स्वतः आठ-आठ दिवस बिनआंघोळीचे राहिले. गिऱ्हाइकं नाक मुरडायची, मी चिडायचो, त्यांना काही नाही. शेवटच्या पट्ट्याचं चौथं पाणी तेवढं राहिलं होतं, तेव्हा मी माल आणायला पुण्याला गेलो. आठवड्याने परतलो, तर ठरल्या तारखेला शिड मुंबईला गेलेलंही.

शर्यत झाली. पत्र आलं. शिडाचा कडेचा पट्टा आटला, होडी मागे पडली, हरली. पुढे ती मोडीत विकली म्हणे.

माझं टाळकंच सटकलं. "एवढं पाणी नासलंत मास्तर, आणि वर आमचं नाक कापलंत!"

"चूक माजीच हाय," एवढंच बोलले. महिन्याभरात लेकीकडे शेवगावला निघून गेले.

दोन वर्षं मी त्यांच्या नावाने खडे फोडले. एकदा जेवताना पुन्हा सुरू झालो, तर बायकोने हातातला घास ताटात टाकला. "पुरे करा! तुम्ही पुण्याला होतात तेव्हा धाकटीला जुलाब लागले होते. डॉक्टर म्हणाले, पाणी पाजत राहा. घरात थेंब नव्हता. मास्तरांनी कापडासाठी आणलेल्या दोन्ही घागरी इथे ओतल्या. मालकाला सांगू नका म्हणाले, मनाला लावून घेतील."

दुसऱ्याच दिवशी धाकटीला घेऊन शेवगावची एस.टी. धरली. दार मास्तरांच्या लेकीने उघडलं.

"बाबा गेले. पंधरा दिस झाले," ती म्हणाली आणि रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढे केला. धाकटी दोन्ही हातांनी धरून घटाघटा प्यायली. मी उंबऱ्यावरच बसून रडलो.