आतड्याला चिकटणाऱ्या विषाणूचा डॉक्टर

इंद्रजीत मूळचा परभणीकडचा. वासरांना हगवण लावणारा रोटाविषाणू कोवळ्या आतड्याच्या पेशींना नेमका कसा चिकटतो, यावर त्याने पाच वर्षं घासून पीएचडी मिळवली. विषाणू पेशीला चिकटला, पण इंद्रजीत काही कुठल्या विद्यापीठाला चिकटला नाही. शेवटी तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. बायको ज्ञानेश्वरी जवळच्या मुरबे या किनाऱ्यावरच्या गावात शाळेत शिकवत होती, म्हणून बिऱ्हाड मुरब्यातच, घरमालकीण येसूबाईच्या माडीवर थाटलं.

दारावरची ‘डॉ.’ लिहिलेली पाटी सासऱ्यांनी हौसेने करून दिली होती. त्या पाटीने त्याला फार छळलं. कुणी ताप घेऊन येई, कुणी बोटात रुतलेला माशाचा काटा. ‘मी तसला डॉक्टर नाही’ हे तो इतक्यांदा म्हणाला, की त्यापेक्षा तेच पाटीवर लिहून टाका, असं ज्ञानेश्वरीने सुचवलं.

येसूबाई बोंबील सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची. होडी मुलगा कुंदन चालवायचा. मासळीच्या त्या आळीत गाय पाळणारी ती एकटीच होती. पाऊस सरता सरता गाय व्याली, कालवड झाली. आठवडाभर ती अंगणभर उधळली आणि मग एका सकाळी पिवळं पाण्यासारखं हगत खाली बसली. पालघरचे जनावरांचे डॉक्टर लसीकरणाला दूरच्या गावी गेले होते. येसूबाई जिना चढून वर आली. इंद्रजीत डबा घेऊन कामावर निघाला होता.

“तुमी मानसांचे डागतर नाय, ह्ये कळलं,” ती म्हणाली. “पन मास्तरीनबाय सांगत होत्या, वासरांच्या हगवनीवरच शिकलाय म्हनून. चला खाली.”

आता पळवाट उरली नव्हती. जिना उतरताना इंद्रजीतला एक गोष्ट आठवली. पाच वर्षांत त्याने एकाही वासराला हात लावलेला नव्हता. विषाणू यायचा तो काचेच्या नळीत, आणि ज्या पेशींवर तो वाढवायचा त्या होत्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या. वासरू त्याने पाहिलं होतं ते प्रबंधाच्या मुखपृष्ठावर, तेही इंटरनेटवरून उतरवलेलं.

गोठ्यात गेल्यावर त्याने माणसाला भीती वाटते तेव्हा करायचं ते केलं. व्याख्यान दिलं. या विषाणूच्या अंगावर काटे असतात. पोटातला पाचक रस तेच काटे कापून त्यांना धार लावून देतो, म्हणजे घरच्यांनीच चोराला किल्ली घडवून दिल्यासारखं. आतड्याच्या पेशींवर साखरेचे बारीक धागे असतात, काट्याचं टोक त्यांना धरतं आणि विषाणू आत शिरतो. लहान वयात आतडं त्याला फार सोपं जातं, म्हणून कोवळी वासरंच सापडतात.

येसूबाईने सगळं मन लावून ऐकलं. “बरं. मंग आता त्याला सोडवायचा कसा?”

“ते... माझ्या विषयात नव्हतं.”

“तुमी पाच वर्सं तो चिकटतो कसा त्येच बगितलं?”

“हो.”

येसूबाई वासराच्या मानेवर हात फिरवत राहिली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

काहीतरी अक्कल सांगावी म्हणून तो म्हणाला, की खरा बचाव चिकात असतो. गाईचा पहिला चीक पोटात गेला की त्यातली द्रव्यं त्या काट्यांवर टोप्यांसारखी बसतात, मग विषाणूला चिकटता येत नाही. यावर त्याचं एक अख्खं प्रकरण होतं. “हिला चीक भरपूर पाजला होता ना, मावशी?”

“थोडा पाजला. बाकीच्याचा खरवस केला. तुमीच तर दोन ताटल्या खाल्ल्या.”

खाल्ल्या होत्या. वर वेलची छान लागतेय म्हणून तिसरी मागितलीही होती. वासराच्या टोप्या गुळात शिजवून खाणारा विषाणूशास्त्रज्ञ बहुधा आपण एकटेच, असं त्याला वाटलं, आणि त्याने मुकाट्याने कारखान्यात रजा कळवली. मग पालघरच्या डॉक्टरांना, शैलेश साहेबांना, फोन लावला.

त्यांनी व्याख्यान दिलं नाही. वासराच्या तोंडात बोट घाला, चोखतंय का बघा, म्हणाले. इंद्रजीतने डोळे मिटून बोट घातलं. खरखरीत, कोमट जीभ बोटाभोवती हळूच आवळली. चोखतंय, असं त्याने सांगताच डॉक्टर म्हणाले, मग बाटलीने पाजता येईल. क्षारांची पावडर कोमट पाण्यात कालवून थोडं थोडं द्या, मधे अंतर ठेवून आईचं दूधही द्या, तोडू नका. मी संध्याकाळी येतो.

कुंदनने पावडर आणली. इंद्रजीत कामावरच्या इस्त्रीच्या पँटमध्येच भुईवर बसला, वासराचं डोकं मांडीवर घेतलं. पहिली बाटली संपेपर्यंत वासराने त्याच्या पँटवर विषयाचा सविस्तर नमुना दिला. ज्ञानेश्वरीने मधल्या सुट्टीत येऊन फोटो काढला. आता मुखपृष्ठाला स्वतःचा फोटो झाला, म्हणाली.

दुपारी वासराने डोळे फिरवले तेव्हा येसूबाईचा धीर सुटला. “जाते का काय ही?” तिने विचारलं.

या वेळी इंद्रजीतला उत्तर येत होतं. “विषाणूने आतड्याचा गिलावा पाडलाय, मावशी. पण खालून नव्या पेशी वर येतच असतात, थोड्या दिवसांत गिलावा परत होतो. तोवर अंगातलं पाणी संपू द्यायचं नाही. एवढंच आपलं काम.”

येसूबाईने पदर खोचला आणि पुढची बाटली भरली.

संध्याकाळी डॉक्टरांनी येऊन शिरेतून पाणी चढवलं. गोठा कोरडा ठेवा, हात साबणाने धुवा, म्हणाले. दोन दिवसांनी कालवड लटपटत उठली आणि आईला जाऊन ढुशी मारली. इंद्रजीतला मात्र त्यानंतर स्वतःलाच पोट बिघडल्याचे भास होत राहिले.

पुढल्या वेताला तो गाईपाशी सुइणीसारखा उभा राहिला. वासरू उठायच्या आधीच त्याला चीक पाजला. उरलेला डब्यांत भरून स्वतःच्या फ्रीजमध्ये कोंबला, इडलीचं पीठ बाहेर काढून. दोन आठवडे दुधातून थोडा थोडा दिला. त्या वासराला हगवण लागली नाही. त्याने हे शैलेश साहेबांना छाती काढून सांगितलं. ते म्हणाले, चिकाचा उपयोग होतो हे खरं, पण येसूबाईंनी या वेळी गोठ्यात फरशीही घातलीय आणि रोज घासतायत. नेमकं कशाने वाचलं, कसं सांगणार?

इंद्रजीतला ते पटलं. घरी येऊन त्याने ज्ञानेश्वरीला सांगितलं, की ते शोधायला आणखी पाच वर्षं लागतील. ज्ञानेश्वरीने आधी चिकाचे डबे काढून फ्रीज रिकामा करायला सांगितलं.