बँजो दाखवण्याचा कार्यक्रम

चहा ओतलाय ना सगळ्यांना? मग ऐका. माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, काही कंपनीला महाग पडल्या, काही गाडीच्या बंपरला. पण एक गाढवपणा असा केला की लग्न झालेलं असूनही मी आणखी एक वर्ष सडाफटिंग राहिलो. आणि तो सगळा एका बँजोपायी. आपल्याकडे वरातीत वाजतो तो बँजो नव्हे बरं का. हा अमेरिकन. डफासारखं गोल तोंड, लांब मान, पाच तारा, आणि बोटांत नख्या घालून वाजवायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून नवानवा इकडे अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला आलो होतो. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोच कंपनीने विमानात बसवलं. बायको, सुनंदा, नागपुरात माहेरी. तिचा व्हिसा झाला होता, पण बी.एड.लाही नंबर लागत होता. वर्षाचा कोर्स. म्हणजे ती येणार तर या उन्हाळ्यात, नाही तर थेट पुढच्या. दर रविवारी सकाळी मी फोन करायचो. सासरे उचलायचे, "जयभीम, जावईबापू" म्हणायचे आणि माझ्या फोनकार्डाची मिनिटं जळतात म्हणून लगेच तिच्या हातात द्यायचे. ती विचारायची, "काय करू सांगा ना. येऊ, की बी.एड. करू?"

मी काय म्हणायला हवं होतं? "ये." एक अक्षर. पण माझ्या घरात समोरच्याच भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्यांच्यासमोर उभं राहून बायकोला 'शिक्षण सोड आणि माझ्यासाठी भात लावायला ये' कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा. मग मी मोठ्या मनाने म्हणायचो, "तुझ्या मनासारखं कर. शिक्षण महत्त्वाचं."

"आणि तुम्ही?"

"मी मजेत."

ही मजा कशी होती ते सांगतो. आठ महिन्यांत माझ्या दाराची बेल एकदा वाजली होती. पिझ्झावाला होता, चुकीच्या दारात आला होता. टीव्ही मी बघत नव्हतो, माणसांचा आवाज यावा म्हणून लावून ठेवायचो. आन्सरिंग मशीन घेतलं होतं, त्यावर निरोप असला की लाल दिवा लुकलुकतो. तो कधी लुकलुकायचाच नाही. शेवटी मी दुपारी ऑफिसातून स्वतःच्याच घरी फोन करून निरोप ठेवायला लागलो. संध्याकाळी दार उघडलं की दिवा लुकलुकताना दिसायचा, बरं वाटायचं. बटण दाबलं की माझाच आवाज, "दूध संपलंय." हसू नका, खरंच संपलेलं असायचं.

तर असा मी एका शनिवारी भांडी बघायला कोणाच्या तरी अंगणातल्या सेलला गेलो. घर सोडून चाललेली एक म्हातारी अमेरिकन बाई होती. ती माझ्याशी बोलायला लागली. हवा, गुडघे, मेलेला नवरा. अर्धा तास बोलली. माझ्याशी इतका वेळ कोणी बोललंच नव्हतं हो. आता एवढं बोलल्यावर काही न घेता निघणं बरं दिसेना. भांडी तर संपली होती. टेबलाखाली एक काळी पेटी होती, ती चाळीस डॉलरला उचलली. घरी येऊन उघडली तर आत बँजो.

महिनाभर तो कोपऱ्यात पडून होता. मग गाडी गॅरेजला गेली म्हणून ऑफिसातला ब्रायन मला सोडायला आला आणि त्याने पेटी उघडली. मग खाली बसला. मग मला म्हणाला, "हात धुतलेस का तू?"

हा बँजो महायुद्धाच्या आधीचा होता. पाच तारांचे असे फारच थोडे बनले होते, आणि ब्लूग्रास वाजवणारी माणसं, म्हणजे इकडच्या डोंगराळ भागातलं हे झपाट्याचं संगीत वाजवणारी, असल्या बँजोसाठी जीव टाकतात. ब्रायनने किंमत सांगितली ती माझ्या गाडीच्या दुप्पट होती. मी प्रामाणिकपणे त्या बाईला सांगायला गेलो, पण घर रिकामं होतं आणि कुठे गेली ते कोणाला ठाऊक नव्हतं. म्हटलं, विकू या. सुनंदाचं तिकीट निघेल, एक सोफा येईल.

ब्रायन म्हणाला, पेपरात जाहिरात दे. इथे माझी गाडी घसरली. मी जन्मात एकच जाहिरात लिहिली होती, धाकट्या बहिणीच्या स्थळासाठी. दुसरी पद्धत माहीत नव्हती. मी लिहिलं, "महायुद्धापूर्वीचा, चांगल्या घरातला, उत्तम आवाजाचा बँजो. निर्व्यसनी, कुटुंबवत्सल खरेदीदार हवा. शनिवारी प्रत्यक्ष येऊन पाहावे. चहा-नाश्त्याची सोय आहे."

पेपरातली बाई फोनवर म्हणाली, "सर, ओळीप्रमाणे चार्ज आहे. नाश्ता ठेवायचाय?"

"ठेवायचाय," मी म्हणालो.

शनिवारी बेल वाजली. दहा वाजता एक, अकराला दुसरी, दुपारपर्यंत चार. मी पहाटे उठून डिकेटरच्या इंडियन दुकानातल्या पोह्यांचे तर्रीपोहे केले होते. नागपूरची तर्री, म्हणजे वरून हरभऱ्याचा लालभडक रस्सा. पहिला आला तो तरुण होता. बँजो घेतला, दोन मिनिटं असा वाजवला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं, आणि खिशातून नोटांचं पुडकं काढून म्हणाला, "घेतला."

"बसा तर खरं," मी म्हणालो. "घरी कोण कोण असतं?"

"घरी? मी आणि कुत्रा."

"आईवडील?"

"ओहायोत. का?"

"पिता का?"

"बियर चालेल मला, थँक्यू."

आता असल्या ठिकाणी द्यायचा का? शिवाय तो निघून गेला असता तर केलेले पोहे कोणी खायचे? मी हात जोडून म्हणालो, "विचार करून कळवतो." तो नोटा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्याला कळवतो म्हणालो, तिसऱ्या-चौथ्यालाही. स्थळ बघायला आलेल्यांना तोंडावर हो-नाही सांगायचं नसतं, एवढे संस्कार आहेत आपल्यावर. पण खरं सांगू का? पोरं बँजो घेऊन गेली असती तर पुढच्या शनिवारी बेल वाजली नसती. म्हणून मी जाहिरात चालू ठेवली.

त्या रविवारी फोनवर माझा आवाजच वेगळा. "काय सांगू सुनंदा, काल घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुण्यांवर पाहुणे."

"हो का? कोण पाहुणे?"

"आहेत ओळखीचे," मी म्हणालो. बँजोचं काही सांगितलं नाही, एकदम तिकीट पाठवून चकित करणार होतो ना.

"बाई, बरं झालं. मला तर सारखी काळजी वाटायची, तुम्ही एकटेच असाल म्हणून."

"छे, एकटा कसला," मी म्हणालो आणि वर हसलो सुद्धा.

दुसऱ्या शनिवारपासून रॉय यायला लागला. सत्तरीचा, उत्तर जॉर्जियाच्या डोंगरातला, जन्मभर विजेच्या खांबांवर चढून निवृत्त झालेला. जुनाट पिकअप, विटका शर्ट. सोफा नव्हताच, म्हणून खाली सतरंजीवर मांडी घालून बसायचा आणि तासभर वाजवायचा. मग तर्रीपोहे खायचा. डोळ्यांत पाणी यायचं बिचाऱ्याच्या, मला वाटायचं बँजोच्या ओढीने. जाताना म्हणायचा, "अजून विचार करतोय, सन."

मी विचारायचो, "पुढच्या शनिवारी?"

"येईन की."

असे सात शनिवार आला. मी मनात पक्कं केलं, म्हाताऱ्याचा जीव जडलाय पण खिशात पैसे नाहीत आणि मागायला लाज वाटते. माझं मन भरून आलं. रविवारी सुनंदाला सांगायचो, "रॉयकाका काल पुन्हा आले होते. घरचेच झालेत आता." ती म्हणायची, "बरं झालं हो, वडीलधारं माणूस आहे तिथे."

आठव्या आठवड्यात शुक्रवारी नॅशव्हिलहून एक गृहस्थ चार तास गाडी हाकत आला. ब्रायनने सांगितलेली पूर्ण किंमत, बँकेचा चेक तयार. बसला नाही, खाल्लं नाही, बूट काढले नाहीत. एवढी घाई असलेल्या माणसाचा मला संशयच येतो. मी ताठ मानेने म्हणालो, "सॉरी, बँजोचं ठरलंय."

"कोणाशी?"

"आहे एक गरीब पण भला माणूस."

तो गेला आणि मला स्वतःचा असा अभिमान वाटला की विचारू नका. सुनंदाचं तिकीट, सोफा, सगळं त्या चेकमध्ये होतं, ते एका कलावंतासाठी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉय आल्या आल्या मी पेटी पुसून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. बहिणीची पाठवणी केली होती अगदी तशी.

"रॉयकाका, घेऊन जा. पैशाचं आपण नंतर बघू."

रॉयने टोपी काढली. पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सन," तो म्हणाला, "माझ्याकडे असे दोन आहेत. एक याच्याहून बरा आहे."

"मग तुम्ही दर शनिवारी कशाला येत होता?"

त्याने टोपी हातातल्या हातात दोनदा फिरवली. "आमच्या मिसेसने तुझी जाहिरात मला वाचून दाखवली. म्हणाली, हा माणूस बँजो विकत नाहीये, याला जेवायला सोबत हवीय. जा, तासभर बसून ये. मी एकदाच येणार होतो. पण तू पुढच्या शनिवारचं विचारायचास, आणि नाही म्हणवत नव्हतं." मग जरा थांबून म्हणाला, "रागावू नकोस, पण तो लाल रस्सा तेवढा कमी कर. मी घरून निघतानाच ॲसिडिटीचं औषध घेऊन निघतो."

मित्रहो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सात शनिवार मी ज्याच्यावर दया करत होतो, तो डोळ्यांतून पाणी काढत माझ्यावर दया करत होता.

रॉयने बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे बोट केलं. "ही कधी येणार?"

"तिच्या मनावर आहे."

"तू ये म्हणालास?"

"ते काय सांगावं लागतं? न सांगता कळतं."

"माझ्या लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली," रॉय म्हणाला. "न सांगता तिला माझं एकदाही काही कळलेलं नाही. फोन कुठाय तुझा?"

नागपुरात रात्रीची जेवणं आटोपायची वेळ. सासऱ्यांनी उचलला, शनिवारी कसा काय फोन म्हणून घाबरलेच. सुनंदा आली.

"सुनंदा, ये तू."

"काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे. करमत नाही मला. सकाळी उठून कोणाशी बोलावं ते कळत नाही. बी.एड. इथे येऊन बघू. तू ये." एका दमात बोललो. शेजारी रॉय, मराठीचं अक्षर कळत नसताना, मान हलवत होता.

ती म्हणाली, "अहो, मी कालच फी भरली."

"काल?"

"बाबा म्हणाले, जावईबापू तिकडे एकटे आहेत, तू जा. मीच म्हणाले, एकटे कुठले, त्यांच्याकडे दर शनिवारी पाहुण्यांची पंगत असते. रॉयकाका आहेत. मी जाऊन आणखी गर्दी कशाला करू? वर्षभरात शिकून होईल. फी परत मिळत नाही हो."

मी सगळं सांगितलं. पाहुणे नव्हते, गिऱ्हाइकं होती, बँजो होता. रॉयसुद्धा बायकोने पाठवला म्हणून येत होता. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"तुम्ही मला खोटं कशाला सांगितलंत?"

"तुला काळजी नको म्हणून."

"दर रविवारी मी दुपारपासून फोनपाशी बसायचे," ती म्हणाली. "एकदा 'करमत नाही' म्हणाला असतात तर मी बी.एड.चा फॉर्मसुद्धा आणला नसता." आणि फोनकार्ड संपलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. नॅशव्हिलच्या गृहस्थाला मी फोन केला, त्याने दुसरा बँजो घेतला होता. रॉयनेच मग एका वाजवणाऱ्या शाळामास्तरणीला आणलं. तिने बरीच कमी किंमत दिली, पण तिकीट निघालं. मी तिला घरी कोण कोण असतं ते विचारलं नाही. ते वर्ष कसं गेलं ते माझं मला ठाऊक. रॉय येत राहिला, कधी मिसेसला घेऊन. तर्री बंद, साधे पोहे. सुनंदा फर्स्ट क्लासात पास झाली आणि पुढच्या जूनमध्ये आली.

आज एवढी वर्षं झाली, घर मोठं झालं, माणसं येत-जात असतात. पण मी शनिवारी कोणाला चहाला बोलावलं, की सुनंदा आधी मला स्वयंपाकघरात नेते आणि हळूच विचारते, "खरंच पाहुणे आहेत, की काही विकायला काढलंय?" मघाशी तुम्ही आलात तेव्हासुद्धा विचारलं तिने.