जरासीमांवर भरवसा ठेवणारे चाचा

मरायला सवड नसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते उस्मानाबादेतले माझे घरमालक, चाचा. निजामाच्या अमदानीत ते कचेरीत साहेबापुढं कागद ठेवणारे पेशकार होते. राज्य गेलं, कचेरीतली उर्दू गेली आणि तिच्यामागोमाग त्यांची पेशकारीही गेली. मी शाळेत मराठी शिकवायला आलो आणि त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलो. संध्याकाळी त्यांनाही मराठी शिकवू लागलो. मेंदी लावलेल्या दाढीचा हा धिप्पाड विद्यार्थी सगळं मुकाट्यानं ऐकायचा, पण दही नपुंसकलिंगी आहे हे त्यांना कधीच पटलं नाही. "मास्तर," ते डोळे मोठे करून म्हणत, "ज्याच्यात एका रात्रीत लाखानं बाळं होतात, ते नपुंसक कसं?"

त्यांची सगळी दुनियाच दह्यात होती. कुठल्याशा जुन्या उर्दू मासिकात त्यांनी वाचलं होतं, की युरोपातल्या डोंगरांत लोक आंबवलेलं दूध खाऊन शंभरी ओलांडतात. आतड्यात अन्न सडतं म्हणून माणूस म्हातारा होतो आणि दह्यातले जंतू ती सड हुसकून लावतात, असं तिकडच्या कुणा विद्वानाचं म्हणणं होतं. चाचा त्या जंतूंना अदबीनं 'जरासीम' म्हणत. मागच्या ओसरीत गाडग्यांची रांगच लागलेली असे. म्हशीचं, गाईचं, शेळीचं. मातीतलं, कल्हईच्या भांड्यातलं, काचेतलं. रोज सकाळी प्रत्येकातलं चमचाभर जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचे आणि मग निकाल सांगायचे, "आज शेळी पुढं आहे." थंडीत कचेरीतली काळी शेरवानी गाडग्यांवर पांघरलेली असे आणि स्वतः चाचा सुती चादरीत कुडकुडत बसलेले असत. विरजण हललं की दही बसत नाही, म्हणून ओसरीत पाय आपटून चालायला बंदी. चाची कपाळाला हात लावून मला म्हणत, "या घरात मोठ्यानं शिंकायची बी चोरी झालीया बघा."

तेरला एक धनगर शंभरी पार करून बसलाय, असं त्यांच्या कानावर आलं. झालं! दुसऱ्याच दिवशी मला घेऊन एस.टी.नं तेर गाठलं. म्हातारा उन्हात घोंगडीवर बसला होता. चाचांनी त्याला वाकून सलाम केला आणि विचारलं, "बाबा, दही किती खाता?"

"दही?" म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं. "न्हाय बा. मला वास सहन हुत न्हाय. तमाखू असंल तर द्या."

परतीच्या प्रवासात चाचा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. येरमाळ्याकडची एक बस समोरून गेली तेव्हा एकदम म्हणाले, "त्याच्या बापानं खाल्लं असणार."

एकदा आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांची मनधरणी करून मी चाचांना सूक्ष्मदर्शकातून दही दाखवलं. मास्तरांनी काचेवर दह्याचा थेंब पसरला, दिव्यावर धरला, निळा रंग ओतला. चाचांनी टोपी सारखी केली, एक डोळा नळीला लावला आणि पुटपुटले, "अस्सलाम आलेकुम." लांबट काड्या आणि मण्यांच्या माळा बघून त्यांना भरून आलं होतं. मग त्यांनी विचारलं, "हलत कसे न्हाईत?"

"मेले ना ते," मास्तर सहज म्हणाले. "आचेवर धरल्याशिवाय रंग धरत नाही."

चाचा तसेच उठले. घरची वाट धरली.

मी एकदा त्यांची थट्टा केली. अंगणात धडा चालला होता. म्हटलं, "चाचा, शंभर वर्षं जगून करणार काय?"

ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी पुस्तक मिटलं. "मुलगा तिकडं आहे, कराचीला. एकच आहे. राज्य बदललं तेव्हा दोस्तांबरोबर गेला, मिसरूड फुटत होती. आता त्याला येता येत न्हाय, मला जाता येत न्हाय. अर्ज केला, नामंजूर. परत केला, परत नामंजूर." मग समजूत घातल्यासारखं मलाच म्हणाले, "दोन भावांचं भांडण किती वर्षं चालतं, मास्तर? एक दिवस मिटणारच. मला फक्त तोवर टिकायचंय."

त्यानंतर मी त्यांच्या गाडग्यांना हसलो नाही.

तार आली ती भर दुपारी. मी शाळेतून जेवायला आलो होतो. तार इंग्रजीत होती, म्हणून चाचांनी ती माझ्या हातात दिली. मी ती दोनदा वाचली. चाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. चाचा म्हणाले, "सांगा मास्तर. मराठीत सांगा. मला आता समजतं."

मी सांगितलं. मराठीतला तेवढा छोटा शब्द उच्चारायला मला इतका जड कधी गेला नव्हता.

पुढं सुनेचं पत्र आलं. मुलाला कराचीत हगवण लागली आणि चार-पाच दिवसांत कारभार आटोपला. पोटाच्या दुखण्यानं! चाचा ते पत्र चाचींना वाचून दाखवत होते. तिथवर आले आणि थांबले. "इथं असता," एवढंच म्हणाले. त्यांची नजर ओसरीतल्या गाडग्यांकडं गेली.

ओसरीवरची गाडगी त्यांनी स्वतः धुऊन पालथी घातली. दही खाणं सोडलं. पण इतक्या वर्षांत कमावलेली तब्येत काही त्यांना सोडायला तयार नव्हती. मातमपुर्सीला, म्हणजे दुखवट्याला येणारे म्हणत, "चाचा, सांभाळा स्वतःला," आणि समोर बसलेला हा ताठ, तुकतुकीत माणूस मान खाली घालायचा. एकदा मी जवळ बसलो होतो. चाचींनी जेवायची हाक मारली तसे ते हळूच म्हणाले, "मास्तर, वेळेवर भूक लागते. अजून लागते. लई शरम वाटते."

मी हात धरून त्यांना उठवलं आणि पानावर बसवलं.

वर्ष गेलं. चाची मधल्या काळात फार वाळल्या. एका दुपारी मी दारातून पाहिलं तर चाचा ओसरीत उकिडवे बसून कोमट दुधात विरजण कालवत होते. विरजण शेजारून मागून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी दह्याची वाटी चाचींपुढं सरकवली.

"मला कशाला?" चाची म्हणाल्या. "तुम्ही खावा."

"नक्को. तू खा," चाचा म्हणाले. "तू आधी गेलीस तर मी काय करू?"

चाचींनी त्यांच्याकडं पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि वाटीतलं दही पुसून खाल्लं.

त्याच उन्हाळ्यात माझी भूमला बदली झाली. नंतर उस्मानाबादेहून येणारं कुणी ना कुणी भेटत राहिलं. दोघंही गेल्याचं त्यातल्याच एकाकडून कळलं. आधी कोण गेलं, ते मात्र मी विचारलं नाही.